पॉवरपॉड: यंत्र चांगलं, पण आधी रस्ता शोधा

पॉवरपॉड हा सायकलच्या हँडलबारखाली लावायचा पॉवर मीटर, म्हणजे स्वार किती जोर लावतोय ते वॅटमध्ये सांगणारं यंत्र. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या व्हेलोकॉम्प या कंपनीने तो आणला. वजन ३२ ग्रॅम, एका चार्जवर साधारण २० तास, आणि बाजारात आला तेव्हाची किंमत २९९ डॉलर. त्या काळी पेडलमध्ये बसवलेल्या चांगल्या मीटरला याहून कितीतरी जास्त पैसे पडायचे, म्हणून ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणाऱ्यांमध्ये आणि एकाहून जास्त सायकली बाळगणाऱ्यांमध्ये त्याचं नाव झालं. या सायकलवरून काढून त्या सायकलवर लावायला दोन मिनिटं लागतात, क्रँक (पेडलचे दांडे) खोलायला नको, की पेडल बदलायला नको.

मात्र हा मीटर पायाचा जोर मोजतच नाही. सायकलला काय काय अडवतंय ते मोजतो आणि तेवढाच जोर तुम्ही लावत असणार असा हिशेब करतो. अडवणाऱ्या गोष्टी चार: समोरची हवा, चढ, टायरचं रोलिंग रेझिस्टन्स (रस्त्यावर फिरताना टायरचा होणारा विरोध) आणि वेग वाढवताना लागणारा जोर. हवेसाठी तोंडाशी एक छिद्र आहे. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली नदीचा प्रवाह मोजायला जी नळी वापरली, तेच तत्त्व. चढासाठी आत अ‍ॅक्सेलरोमीटर आहे, तो यंत्र किती कललंय ते सांगतो. वेग मात्र बाहेरून लागतो. चाकावर स्पीड सेन्सर नसेल तर हे यंत्र वॅटचा आकडा देऊच शकत नाही, तेव्हा खरेदीच्या बजेटमध्ये तो धरा. आणि घरातल्या ट्रेनरवर (एका जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) याचा काहीही उपयोग नाही. तिथे ना वारा ना चढ.

अशा यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचे आकडे खऱ्याशी जुळवून घेणं, हीच त्याची खरी परीक्षा असते. पहिल्या राइडला पाचेक मिनिटं चालवलं की पॉवरपॉड आकडे द्यायला लागतो, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात: सोसायटीच्या गेटमधून निघायचं, पहिल्या सिग्नलपर्यंत कॅलिब्रेशन उरकायचं, मग महिनाभर ‘आकडे उडतात’ म्हणून तक्रार करायची. ती पाच मिनिटं कुठे आणि कशी चालवली यावर पुढचे सगळे आकडे उभे असतात.

असं का, ते आकड्यांतच पाहू. सायकल, स्वार आणि पाणी मिळून ८० किलो. पुण्याची हवा, तापमान २५ अंश, हवेची घनता घनमीटरला साधारण १.११ किलो. हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवून बसलेल्या मध्यम बांध्याच्या माणसाचा सीडीए, म्हणजे हवेला अडणारं त्याचं परिणामी क्षेत्रफळ, ०.३२ चौरस मीटर धरू. सपाटीवर ताशी ३० किमीला हवेसाठी लागतात १०३ वॅट आणि टायरसाठी सुमारे ३३. एकूण १३६. आता यात फक्त एक टक्का चढ घाला: आणखी ६५ वॅट. एक टक्का चढ म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कल. हँडलबारवरचा माउंट (यंत्र बसवायची पकड) खड्ड्यात अर्धा अंश फिरला तर डोळ्याला कळणारही नाही, पण ताशी ३० ला आकडा ५७ वॅटनी चुकेल. हवेच्या बाजूलाही तसंच. या वेगाला छिद्रावर येणारा जादा दाब असतो सुमारे ३८ पास्कल, आणि भोवतालच्या हवेचा दाब ९४ हजारांच्या वर. इतकी बारीक गोष्ट हँडलबार, केबल आणि स्वाराची छाती यांच्या समोर मोजायची आहे, जिथे हवा आधीच विस्कटलेली असते.

म्हणून कॅलिब्रेशनमध्ये मुळात दोनच गोष्टी शोधायच्या असतात. यंत्र सपाटीवर किती कललेलं आहे, आणि छिद्राला दिसणारा वारा खऱ्या वाऱ्याच्या किती पट आहे. दोन्हींसाठी युक्ती एकच: जिथून निघालो तिथेच, त्याच रस्त्याने परत यायचं. जाताना जेवढं चढलो तेवढंच येताना उतरलो, म्हणजे सरासरी चढ शून्य. तरी यंत्र ०.६ टक्के सरासरी दाखवत असेल तर तेवढा त्याचा बसवण्यातला कल. तसंच जाताना वारा तोंडावर असेल तर येताना पाठीवर, म्हणजे अंतराच्या हिशेबाने सरासरी वारा शून्य आणि हवेचा सरासरी वेग सायकलच्या वेगाइतका. तो तसा दिसत नसेल तर गुणक बदलायचा. ‘अंतराच्या हिशेबाने’ हे महत्त्वाचं आहे. समोरच्या वाऱ्यात आपण हळू जातो, म्हणून वेळेची सरासरी काढली तर दिवसभर वारा तोंडावरच होता असं वाटतं. (प्रत्येक सायकलस्वाराचं तेच मत असतं, आणि वेळेच्या हिशेबाने ते बरोबरही आहे.)

या युक्तीत एक गृहीतक दडलंय: जाताना जो वारा होता तोच येताना आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये नुसता ताशी ३ किमीने समोरचा वारा वाढला, तर यंत्र त्या वाढीलाही स्वतःच्या छिद्राचा दोष समजतं आणि हवेचा आकडा साधारण दहा टक्क्यांनी खाली ओढून ठेवतं. वरच्या उदाहरणात ते दहा वॅट झाले, आणि पुन्हा कॅलिब्रेशन करेपर्यंत ते प्रत्येक राइडमध्ये कमी दिसत राहणार.

रस्त्याची लांबी यावरूनच ठरते. एका बाजूला दीड ते तीन किलोमीटर, याहून जास्त नको. फार आखूड घेतला तर वळण आणि सुरुवातीचा वेग पकडणं यांचाच वाटा मोठा होतो. फार लांब घेतला तर परत येईपर्यंत वारा बदलतो. दोन किमी जाऊन दोन किमी यायला आठ-नऊ मिनिटं लागतात, तेवढ्यात पहाटेचा वारा सहसा स्वभाव बदलत नाही.

सपाट रस्ता लागतो हा मात्र गैरसमज. एक-दोन टक्क्यांची सौम्य लाट असेल तर काही बिघडत नाही, जाऊन-येऊन ती फिटते. टाळायचा तो असा चढ किंवा उतार, जिथे ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लागला की यंत्राच्या हिशेबात न बसणारा एक पाचवा जोर येतो आणि सगळं गणित नासतं. म्हणूनच गतिरोधक हा आपल्याकडचा सर्वात मोठा शत्रू. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर शाळा, मंदिर आणि ग्रामपंचायत यांच्यासमोर ते हमखास असतात. दोन गावांच्या मधला तुकडा निवडा.

आता झाडं आणि पिकं. वडाच्या जुन्या रांगांचा रस्ता चालवायला सुंदर, कॅलिब्रेशनला वाईट. सावलीत वारा पडतो, मोकळ्यात एकदम लागतो, आणि रस्त्याच्या डाव्या कडेला जेवढा आडोसा तेवढा उजव्या कडेला असतोच असं नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा पट्टा असेल तर जास्त काळजी घ्या. उभा ऊस अडीच-तीन मीटरची भिंत असते. एका बाजूचा फड तुटलेला आणि दुसऱ्या बाजूचा उभा असेल तर सायकलला लागणारा वारा शंभर-शंभर मीटरवर बदलतो. शिवाय गाळपाच्या हंगामात त्याच रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. माळरानातला रस्ता उत्तम, मग तिथे थोडा वारा असला तरी चालेल. एकसारखा वाहणारा ताशी ७ किमी वारा हा झाडांमधून येणाऱ्या थांबत-थांबत वाऱ्यापेक्षा कधीही बरा.

वाहतुकीबद्दल एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर गाड्या नेहमी मागून पुढे जातात, आणि प्रत्येक ट्रक-बस आपल्याबरोबर हवा ओढत नेते. म्हणजे जातानाही पाठीवारा आणि येतानाही पाठीवारा. तो दोन फेऱ्यांत फिटत नाही. वर्दळीच्या हायवेवर केलेलं कॅलिब्रेशन त्यामुळे नेहमी एकाच दिशेला चुकतं: छिद्राला हवा कमी दिसते, यंत्र गुणक वाढवतं, आणि नंतर रिकाम्या रस्त्यावर वॅट फुगलेले दिसतात. एकपदरी, दुभाजक नसलेला, पहाटे मोकळा असणारा जिल्हा मार्ग यासाठी हायवेपेक्षा चांगला. येतानाही तीच डांबराची पट्टी मिळावी म्हणून कोणी उलट्या दिशेने चालवायची शक्कल काढतं. ते करू नका. अरुंद रस्त्यावर दोन्ही कडांमधला फरक नगण्य असतो.

गुळगुळीत, लांबलचक आणि रिकामे दिसणारे काही रस्ते डोक्यात येतीलच. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू: तिन्हींवर सायकलला बंदी आहे. नवी मुंबईचा पाम बीच मार्ग सपाट आहे, पण सिग्नल आणि भरधाव गाड्या यांमुळे सलग दोन किमी न थांबता मिळतील अशी वेळ फक्त उजाडायच्या आधीची. मरीन ड्राइव्ह पहाटे रिकामा भासतो, तरी तो कमानीसारखा वळलेला आहे आणि एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला इमारतींची रांग. वारा तिथे आडवा आणि तुकड्या-तुकड्यांत येतो. मुंबईकरांनी त्यापेक्षा कर्जत-मुरबाडच्या बाजूचा एखादा भाताच्या खाचरांमधला रस्ता धरावा, पावसाळा सोडून.

पृष्ठभाग सगळीकडे एकच हवा. अर्धा डांबरी आणि अर्धा काँक्रीटचा रस्ता नको. काँक्रीटच्या नव्या रस्त्यांवर आडव्या खाचा असतात, त्यांची थरथर अ‍ॅक्सेलरोमीटरपर्यंत पोचते. आणि ज्या प्रकारच्या रस्त्यावर वर्षभर चालवणार आहात, साधारण तसाच कॅलिब्रेशनला घ्या. खडबडीत डांबरावर रोलिंग रेझिस्टन्स गुळगुळीत डांबराच्या दीडपट सहज होतं. वरच्या उदाहरणात ३३ चे ५० वॅट होतात, आणि हा फरक यंत्राला कुठल्याच सेन्सरने दिसत नाही. त्यासाठी ते प्रोफाइलमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंगमध्ये, आधी भरलेल्या आकड्यावरच विसंबून असतं.

वेळेचं म्हणाल तर हिवाळ्यातली पहाट, सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास. जमीन गार असते, वरचा वारा खाली उतरलेला नसतो. किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे मंद असतात आणि उन्हं चढली की खारे वारे सुरू होतात. मधली तासाभराची शांतता चांगली, पण ती नेमकी कधी संपेल याचा भरवसा नाही, म्हणून थोडं आधीच उरका. देशावर जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. पश्चिमेचा वारा दिवसरात्र झोत मारतो, शिवाय पावसाचा थेंब छिद्रात बसला की हवेचा आकडा एकतर गोठतो नाहीतर शून्यावर येतो. पावसात भिजल्यावर यंत्र तोंड खाली करून वाळवा. छिद्रात फुंकर मारू नका, टाचणीही घालू नका.

हवामानाच्या अ‍ॅपवर ‘वारा १० किमी’ दिसतो तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या माळावर हँडलबारच्या उंचीला त्याचा निम्मा ते दोन-तृतीयांश लागतो. पानांवरून अंदाज घ्यायचा असेल तर पिंपळाकडे पाहू नका, तो नुसत्या श्वासानेही सळसळतो. कडुनिंबाच्या बारीक फांद्या सतत हलत असतील तर त्या दिवशी कॅलिब्रेशन नको, नुसती राइड करा.

तयारीतली सर्वात जास्त वॅटची चूक वाचवणारी गोष्ट म्हणजे माउंट. यंत्र हाताने दाबल्यावर हललं नाही पाहिजे. पट्टा किंवा क्लॅम्प हँडलबारच्या निमुळत्या भागावर नको, सरळ गोल भागावर हवा. कार्बनच्या हँडलबारवर स्क्रू त्यावर छापलेल्या मर्यादेपर्यंतच आवळा, आणि घसरत असेल तर कार्बन पेस्ट लावा. बसवल्यावर क्लॅम्प आणि हँडलबार दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ पेंटने किंवा नेलपॉलिशने मारा. रेघ तुटलेली दिसली की कॅलिब्रेशन संपलं असं समजायचं. छिद्राच्या समोर ब्रेकची केबल, दिवा, बेल किंवा हँडलबार बॅग नको. ब्रेव्हेसाठी पुढे बॅग लावणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं, कारण बॅगेमागे लपलेल्या छिद्राला कुठलंही कॅलिब्रेशन वाचवू शकत नाही.

टायरमध्ये नेहमीची हवा भरा. चाकाचा घेर मोजून यंत्रात भरा: ७०० बाय २५ मापाच्या टायरला २१०५ मिमी आणि ७०० बाय २८ ला २१३६ मिमी हे तक्त्यातले आकडे चालतात, पण टायर बदलून आकडा तसाच ठेवला तर वेग दीड टक्का चुकतो. हवेचा भाग वेगाच्या घनाने वाढतो, म्हणजे तिथली चूक साडेचार टक्क्यांच्या आसपास जाते. खडूची खूण करून, वर बसून, चाकाचा एक पूर्ण फेरा फरशीवर मोजला तर सगळ्यात उत्तम. वजन भरताना बाटल्या आणि सॅडल बॅग धरा. सहा टक्क्यांच्या घाटात ताशी १२ किमीला एक किलो म्हणजे दोन वॅट. एसी खोलीतून आणलेलं यंत्र लगेच वापरू नका, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा म्हणजे सेन्सर भोवतालच्या तापमानाला येतात.

प्रत्यक्ष फेरीत हात एकाच जागी ठेवा, शक्यतो हूड्सवर. ताशी २४ ते ३० च्या मध्ये जेवढा जमेल तेवढा सारखा वेग धरा, सॅडलवरून उठू नका, कोणाच्या मागे लागू नका. वळायची जागा रुंद हवी: पेट्रोल पंपाचं तोंड, बंद पडलेला वजनकाटा, एसटीचा थांबा. वळायच्या पन्नास मीटर आधी पाय थांबवून वेग आपोआप कमी होऊ द्या, हळूच वळा, पुन्हा वेग घ्या. शेवट नेमका सुरुवातीच्याच खुणेवर करा. किलोमीटरचा दगड असेल तर प्रश्नच मिटला.

परत आल्यावर कंपनीच्या आयझॅक या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. सॉफ्टवेअरचा चेहरा जुनाट आहे, आणि शिकायला एक संध्याकाळ जाते. पण कल, वाऱ्याचा गुणक, वजन, सगळं दिसतं आणि बदलता येतं. हे मोकळेपण या वस्तूतली माझ्या मते सर्वात चांगली गोष्ट. बहुतेक मीटर आकडा देतात, तो कसा आला ते सांगत नाहीत. आकड्यांत आणखी खोल शिरायचं असेल तर गोल्डनचीता या मोफत सॉफ्टवेअरमधला एरोलॅब तक्ता वापरा. तो रॉबर्ट चुंग यांच्या पद्धतीवर आधारलेला आहे: वॅट आणि वेगावरून रस्त्याची उंची उलटी काढायची. सीडीए बरोबर असेल आणि वारा पडलेला असेल तर जाताना काढलेली टेकडी येताना तितक्याच उंचीची निघते.

आकडे चुकताहेत हे कळलं तर कुठे चुकताहेत ते ओळखता येतं. जाताना आणि येताना दोन्हीकडे वॅट जास्त दिसत असतील तर कल किंवा सीडीए. यांतलं कोणतं हे वेगावरून ठरवा. कलाची चूक सगळ्या वेगांना चिकटते आणि वेगाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी १५ लाही खटकते. सीडीएची चूक ताशी १५ ला जवळजवळ दिसत नाही आणि ३५ ला भसकन वर येते. समोरच्या वाऱ्यात वॅट बरेच कमी आणि पाठीवाऱ्यात थोडेच कमी वाटत असतील तर वाऱ्याचा गुणक किंवा सीडीए लहान पडलाय. कलाची चूक वाऱ्याकडे बघून अशी बदलत नाही. सौम्य उतारावर पाय न मारता सोडा, आकडा शून्याच्या जवळ हवा. ४० दाखवत असेल तर यंत्र तुम्हाला फुकटचं श्रेय देतंय. केडन्स सेन्सर (पेडलचे फेरे मोजणारा) जोडलेला असेल तर ही चाचणी करताना तो काढा, कारण पाय थांबले की आकडा शून्य दाखवण्याची सोय काही ठिकाणी त्याच्यावर चालते आणि चूक झाकली जाते.

घाटातली पडताळणीही करून घ्या. ८० किलो, ५ किमीत ३०० मीटर चढ, वेळ २५ मिनिटं: नुसतं उंचीसाठी १५७ वॅट, टायरचे १३, हवेचे सहा-सात. चाकापाशी साधारण १७७, साखळीतलं नुकसान धरून पायापाशी १८१-१८२. तुमच्या घाटाचे आकडे घालून हे गणित करा. यंत्र पाच-सात वॅटच्या आत आलं तर कल आणि वजन बरोबर आहेत. सीडीएबद्दल घाट काहीच सांगत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग घ्यावा का? एका सायकलवर क्रिट (छोट्या बंद मार्गावर फेऱ्या मारायच्या शर्यती) किंवा ट्रॅक शर्यती करणाऱ्याने घेऊ नये. ड्रॉप्स (हँडलबारचा खाली वाकलेला भाग), हूड्स, स्प्रिंट असं बसणं सारखं बदलत असतं आणि यंत्र एकच सीडीए धरून चालतं. सेकंदा-सेकंदाच्या जोराचा अभ्यास करायचा असेल तर पेडल किंवा क्रँकच हवा. घाट, लांब पल्ला, ठरावीक वॅटला दोन-तीन तास बसून राहणं यासाठी हा मीटर पुरेपूर कामाचा आहे. कोणाच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चालवतानाही आकडा बराच विश्वासार्ह राहतो, कारण कमी झालेला वारा त्याला खरंच दिसतो. वापरलेला घेत असाल तर छिद्र मोकळं आहे का, चार्जिंगच्या खोबणीचं रबरी झाकण शाबूत आहे का, आणि माउंट सोबत मिळतोय का ते पाहा. दुसरा माउंट लावलात, सायकल बदललीत, किंवा नुसता हँडलबार खालीवर केलात तरी त्याच दोन किलोमीटरवर पुन्हा जाऊन यावं लागेल. एरवी महिन्यातून एकदा रेघ तपासली की पुरे.